डाळीतला खडा आधी जबड्याला कळतो

दिवाळीनंतरच्या अंकात मी 'भाकरी नीट चावून खा' असं जाता जाता दोन ओळीत लिहिलं होतं, त्याच्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले की ह्या वेळचं अख्खं सदर चावण्यावरच काढलंय. दातांवर नाही बरं का, दातांचं दातांचे डॉक्टर सांगतील. मी मेडिकल कॉलेजात फिजिओलॉजी शिकवते, त्यामुळं माझा विषय म्हणजे दात हलवतो कोण. जबड्याला, जिभेला, गालाला हुकूम कुठून येतो आणि तो चुकला की माणसाचं जेवण कसं अडतं. प्रश्न विचारणाऱ्यांची नावं गाळलीत, गावं तेवढी ठेवलीत.

निलंग्याहून एक ताई विचारतात : मॅडम, परवा वरणात खडा लागला. कचकन वाजलं आणि तोंड आपोआपच थांबलं, मी काही ठरवलं पण नव्हतं, कळ आली ती नंतर. हे कसं काय होतं? आणि खडा आहे हे दाताला कळतं का जिभेला?

ताई, तुम्ही क्रम अगदी बरोबर पकडलाय. आधी जबडा थांबतो, मग आपल्याला कळतं. माझे विद्यार्थी परीक्षेत हा क्रम उलटा लिहितात.

आधी एक करून बघा. दोन्ही हातांची बोटं कानाच्या खाली जबड्याच्या कोपऱ्यावर ठेवा आणि दात करकचून आवळा. बोटाखाली एक टणक गोळा उभा राहतो, तो मॅसेटर. आता बोटं कानशिलावर ठेवून परत आवळा, तिथंही काहीतरी हलतं, तो टेम्पोरॅलिस. आतल्या बाजूला आणखी एक आहे, तो बोटाला लागत नाही. हे तिघं तोंड मिटणारे, आणि भलतेच ताकदवान. तोंड उघडणारे मसल हनुवटीच्या खाली असतात, बारके असतात, त्यांना एवढी ताकद लागतच नाही कारण खालचा जबडा स्वतःच्या वजनानं अर्धा खाली येतो. मिटणाऱ्या सगळ्यांना आणि उघडणाऱ्या बऱ्याचशांना हुकूम नेणारी नर्व्ह एकच, ट्रायजेमिनल. मेंदूतून ज्या नर्व्हच्या बारा जोड्या निघतात त्यातली ही पाचवी. तिला तीन फांद्या, एक डोळ्या-कपाळाकडं, एक गालाकडं आणि वरच्या दातांकडं, एक खालच्या जबड्याकडं. खबर आणायचं काम तिन्ही फांद्या करतात, हुकूम न्यायचं काम फक्त तिसरी.

आता खड्याचं. दात हा भिंतीत खिळा ठोकावा तसा हाडात ठोकलेला नसतो. दाताचं मूळ आणि हाड ह्यांच्यामध्ये बारीक धाग्यांचं एक अस्तर असतं, साधारण 0.2 मिलिमीटर जाडीचं, आणि दात त्या धाग्यांवर टांगलेला असतो, बाजेच्या सुंभावर माणूस पडावा तसा. त्या अस्तरात नर्व्हची टोकं पसरलेली असतात. दात केसभर जरी दबला तरी कोणत्या बाजूला दबला, किती दबला, किती झटक्यात दबला, ही खबर लगेच आत जाते. म्हणजे दाताला कळतं असं म्हणण्यापेक्षा दाताच्या बुडख्याला कळतं.

खडा दाढेखाली आला की त्या एका दाढेवर एकदम जोर येतो. खबर ट्रायजेमिनलमधून मेंदूच्या देठाकडं जाते. मेंदू आणि मणक्यातला नर्व्हचा दोर जिथं जोडले जातात त्या भागाला ब्रेनस्टेम म्हणतात, मी वर्गात त्याला मेंदूचा देठच म्हणते. तिथं मॅसेटरला हुकूम देणाऱ्या पेशी बसलेल्या असतात आणि त्यांच्या शेजारीच त्यांना गप्प करणाऱ्या पेशी. खड्याची खबर आली की ह्या दुसऱ्या पेशी ब्रेक लावतात आणि मॅसेटरचा करंट बंद होतो. ह्याला लागणारा वेळ, एका सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यातला एक, फार तर दीड भाग. आपण विचार करून एखादी गोष्ट थांबवायची म्हटलं तर त्याच्या दहापट वेळ लागतो. तेवढा वेळ जबडा मिटतच राहिला असता तर दाढेचा तुकडाच पडला असता.

ह्याच्यात एक गोष्ट मला शिकताना फार आवडली होती आणि अजून आवडते. अंगभरातून खबर आणणाऱ्या नर्व्हच्या पेशींचं घर मेंदूच्या आणि मणक्याच्या बाहेर असतं, छोट्या छोट्या गाठींमध्ये. पण जबडा मिटणाऱ्या मसलमधला ताण सांगणाऱ्या पेशी, आणि दातांकडून खबर आणणाऱ्यांपैकी काही, थेट मेंदूच्या आत राहतात. म्हणजे चावण्याची खबर घेणारा माणूस वेशीवर न ठेवता वाड्यातच ठेवलाय. हनुवटीवर बोट ठेवून त्याच्यावर हलकंच ठोकलं की जबडा टुणकन वर येतो, न्यूरोचे डॉक्टर हे बघतात, ते ह्याच पेशींमुळं.

आणि फुटाणा खाताना लक्ष द्या. फुटाणा फुटायच्या आधी तुम्ही जोर लावलेला असतो, तो फुटला की सगळी अडवणूक एकदम जाते, मग वरचे-खालचे दात धाडकन आपटायला पाहिजेत ना? आपटत नाहीत. जबडा मिलिमीटरमध्ये थांबतो. कारण मिटणारा मसल झटक्यात आखूड झाला की त्याची ताकदच घटते, त्याच्यातल्या ताण मोजणाऱ्या तारा सैल पडतात आणि मिटायचा हुकूम कमी होतो, आणि उघडणारे मसल थोडे आधीपासूनच ताणून तयार असतात.

जिंतूर तालुक्यातले एक शेतकरी दादा : आमचा बैल रातच्याला रवंथ करायला बसला की डोळे मिटायलाय, मान पण टेकवतो, पण तोंड चालूच. झोपेत कसं काय चावायलाय? माणसाचं पण असंच असतं का?

दादा, ह्या प्रश्नाचं उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना लई वर्षं लागली.

शेरिंग्टन नावाचे इंग्लंडचे मोठे शास्त्रज्ञ होते, 1932 चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांनी 1917 साली मांजरांवर काम करून असं मांडलं की चावणं ही साखळी आहे. घास दातात आला की त्याच्या दाबानं तोंड उघडतं, उघडल्यामुळं मिटणारे मसल ताणले जातात, ताणले म्हणून परत मिटतात, मिटले की परत दाब, आणि चाललं. पटण्यासारखं आहे, पण पुरतं खरं निघालं नाही. 1971 साली डेलो आणि लुंड ह्या दोघांनी सशावर प्रयोग केला. सशाचे मसल औषध देऊन पूर्ण ढिले केले, म्हणजे जबडा हलणारच नाही आणि दातांकडून खबर यायचा प्रश्नच नाही. मग मेंदूला हलका करंट दिला. जबडा तसाच पडून, पण जबड्याकडं जाणाऱ्या नर्व्हमध्ये हुकूम मात्र तालात यायला लागले, मीट, उघड, मीट, उघड. म्हणजे ताल घासातून येत नाही, दातातून येत नाही, ताल मेंदूच्या देठातच तयार होतो. तिथं पेशींचा एक गट आहे, त्याला पॅटर्न जनरेटर म्हणतात. भजनात टाळ धरणारा असतो तसा, तो एकदा लागला की बाकीच्यांनी नुसतं सूर लावायचा.

माणसातही हेच. वरचा मोठा मेंदू सांगतो, चल सुरू कर, पुढचं देठ बघतो, सेकंदाला एक-दीड वेळा. म्हणून तर आपण जेवताना टीव्ही बघतो, भांडतो, पेपर वाचतो आणि तोंड चालू राहतं. दातांकडून, जिभेकडून, मसलकडून येणारी खबर मात्र ह्या तालात सारखी भर घालत असते. मऊ भात असला तर जोर कमी, उन्हाळ्यात वाळवलेली कडक भाकरी असली तर पहिल्या चार-पाच चावण्यात जोर जास्त, मग लाळ मुरली की कमी. ताल तोच राहतो, ठोका बदलतो.

तुमच्या बैलाचा देठ ह्या कामाला फार तयार झालेला असतो. गाय-बैल दिवसातले सहा-आठ तास रवंथ करतात, तेवढा वेळ टक्क जागं राहून कसं भागेल. वरचा मेंदू गुंगीत जातो, देठ टाळ वाजवत बसतो. माणूस काही झोपेत जेवत नाही, पण झोपेत जबडा हलतो बरं का, ते पुढच्या प्रश्नात येतंय. आणि एक सांगते दादा, बैलानं रवंथ सोडली तर आपण लगेच म्हणतो ह्याचं काहीतरी बिनसलंय, डॉक्टरला बोलावतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसानं भाकरी सोडली तर वय झालं म्हणून सोडून देतो. पुढं अशी दोन पत्रं आहेत म्हणून लिहिलं.

माजलगावहून एक आई : मुलगा सात वर्षांचा आहे, झोपेत करकर दात खातो. सासूबाई म्हणतात जंत झालेत. औषध दिलं तरी खायलाच.

झोप अधूनमधून क्षणभर उथळ होते, तेव्हा आधी छातीचे ठोके वाढतात आणि मग तोच तालवाला जबड्याला हलवून सोडतो. बहुतेक लेकरांचं वयाबरोबर जातं. शाळेत जंतांची गोळी देतात ती जरूर द्या, ती चांगली गोष्ट आहे, पण दात खाणं जंतांमुळंच असतं असं काही ठरलेलं नाही. दात झिजलेले दिसले, सकाळी जबडा दुखतो म्हणाला, किंवा तोंड उघडं टाकून जोरात घोरत असेल तर दाखवा.

औशाहून एक विद्यार्थिनी : जेवताना बोललं की जीभच का चावली जाते? आणि एकदा चावली की त्याच जागी परत परत का?

आधी हे बघ की रोज ती चावली जात नाही हेच मोठं आहे. जीभ दर घासाला दोन्ही दाढांच्या मध्ये घुसून घास ठेवते आणि दाढा मिटायच्या आत बाहेर येते, एका जेवणात शेकडो वेळा. जिभेला हुकूम देणारी नर्व्ह वेगळी, बारावी, हायपोग्लॉसल, जबड्याची पाचवी. दोन वेगळ्या वायरी, तरी टक्कर होत नाही. 2014 साली उंदरांवर झालेल्या एका कामात असं दिसलं की मेंदूच्या देठातल्या काही पेशी एकाच वेळी दोन्हीकडं फांदी टाकतात, म्हणजे एकच पेशी जबडा आणि जीभ दोघांनाही सांगते. डाव्या आणि उजव्या जबड्याचंही तसंच. एकाच मुकादमाच्या हाताखाली दोन टोळ्या असल्यासारखं.

बोलायला लागलं की वरचा मेंदू जिभेला वेगळं काम देतो, शब्दांचं, आणि देठाचा चावायचा ताल चालूच असतो, जीभ एका क्षणासाठी दोन मालकांची होते, तिथं गफलत. परत त्याच जागी का, तर चावलेली जागा सुजते, फुगून वर येते, दातांच्या वाटेत यायला लागते. दोन दिवस त्या बाजूनं खाऊ नको आणि तिखट जरा कमी कर.

दाताच्या डॉक्टरनं खालच्या दाढेला भुलीचं इंजेक्शन दिलं की ओठ आणि जीभ कितीतरी वेळ बधिर राहतात, कधीकधी चार तास. जबडा हलतो पण खबर येत नाही, आणि माणूस स्वतःचाच ओठ चावून ठेवतो, लहान लेकरं तर जास्तच. माझ्या भाच्यानं असा ओठ चावून रक्त काढलं होतं, त्याला गंमत वाटत होती, दुखत नव्हतं ना. भूल उतरेपर्यंत लेकराला खायला देऊ नका, नुसतं सांगून उपयोग नाही, जवळ बसा.

परतूरहून एक भाचा लिहितो : मामांचं तोंड एकदम वाकडं झालंय, जेवताना घास एका गालात अडकायलाय, बोटानं काढावा लागतो. सगळे लकवा म्हणायलेत. गावात एकजण कबुतराचं रक्त चोळतो म्हणे.

कबुतराला जगू द्या आणि मामांना आजच्या आज दवाखान्यात न्या, हे आधी.

घास गालात का अडकतो, तर चावताना घास दाढांवर परत ढकलायचं काम गालातला मसल करतो आणि त्याची नर्व्ह पाचवी नाही, सातवी आहे, फेशिअल. ती सुजली तर जबडा व्यवस्थित चावतो, पण गाल ढिला पडतो आणि घास गालाच्या खिशात जाऊन बसतो. मामांना कपाळाला आठ्या घालायला सांगा आणि डोळे घट्ट मिटायला सांगा. एका बाजूला आठ्या पडतच नाहीत आणि डोळा पूर्ण मिटत नाही असं असेल तर बहुतेक नर्व्हचं दुखणं, त्याला बेल्स पाल्सी म्हणतात, 72 तासांच्या आत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तर बरं व्हायची शक्यता वाढते, आणि उघड्या डोळ्यात धूळ जाऊ नये म्हणून थेंब टाकणं आणि पट्टी बांधणं तितकंच महत्त्वाचं. कपाळ ठीक आहे, डोळा मिटतो, पण ओठाचा कोपरा खाली आलाय, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, तर तो मेंदूचा झटका. तिथं रक्ताची गाठ विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासांची मुदत असते, गावात एकाचं ऐकत दुसऱ्याचं ऐकत बसलं की ती निघून जाते. आणि झटक्याच्या पेशंटला पाणीसुद्धा डॉक्टरांनी गिळणं तपासल्याशिवाय देऊ नका, श्वासनळीत जातं. आणि हे घरच्या पाहणीवर ठरवत बसू नका, मी फक्त समजावं म्हणून लिहिलं, ठरवायचं डॉक्टरांनी.

झटक्यात हात-पाय जातात, तोंड वाकडं होतं, पण चावणं मात्र बऱ्याचदा बऱ्यापैकी राहतं. जबड्याला मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांकडून हुकूम येतो, एक बंद पडला तर दुसरा सांभाळून घेतो.

परळीहून एक काका, वय 58 : उजव्या गालात वीज चमकल्यासारखी कळ येते, दोन-चार सेकंद, चावलं की, दाढी करताना, थंड वारं लागलं तरी. दोन दाढा काढून झाल्या. कळ तशीच आहे. आता तिसरी काढा म्हणायलेत.

काका, तिसरी दाढ सध्या काढू नका. हे मी जोर देऊन लिहितेय कारण असं पत्र मला पहिल्यांदा आलेलं नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या तीन चांगल्या दाढा अशाच गेल्या, गावातल्या एका दवाखान्यात, आणि कळ जागच्या जागी. ती सहा महिने फक्त पातळ भात पीत होती, तोंडाला पदर लावून बसायची, वारं लागू नये म्हणून. कोणी गालाला हात लावायला गेलं की दचकायची.

तुम्ही सांगताय ती लक्षणं ट्रायजेमिनल न्यूराल्जिया नावाच्या दुखण्याशी फार जुळतात. वर सांगितलेली तीच पाचवी नर्व्ह. ती मेंदूच्या देठातून जिथं बाहेर पडते तिथं एखादी रक्तवाहिनी तिला चिकटून ठोके देत राहते, नर्व्हवरचं आवरण झिजतं आणि मग साध्या स्पर्शाची खबर कळ म्हणून पसरते, उघड्या वायरीत ठिणगी पडावी तशी. दाढेत काहीच नसतं, खबर दाढेच्या नावानं येते. दाढदुखी ठणकत राहते, रात्री झोपू देत नाही, गरम-गार लागलं की वाढते, सूज येते. हे दुखणं सेकंदांचं, एकाच बाजूचं, दात घासणं, तोंड धुणं, चावणं, वारं, असल्या क्षुल्लक कारणानं सुटणारं, आणि दोन झटक्यांच्या मध्ये माणूस अगदी ठीक.

न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. ते बहुतेक एमआरआय सांगतील, दुसरं काही नाही ना हे बघायला. कार्बामाझेपिन नावाच्या गोळीनं पुष्कळांना चांगला आराम पडतो, साध्या दुखण्याच्या गोळ्यांनी पडत नाही. पण ती मेडिकलमधून मनानं आणायची गोळी नाही, हळूहळू वाढवायची असते, रक्त तपासावं लागतं, अंगावर पुरळ आलं तर लगेच डॉक्टरला सांगायचं. गोळ्यांनी भागलं नाही तर ती रक्तवाहिनी नर्व्हपासून बाजूला करायचं ऑपरेशन असतं. मावशीचं गोळीवरच भागलं. पहिल्यांदा तिनं ज्वारीची भाकरी मोडून खाल्ली तेव्हा मी समोर होते, ती अर्ध्या घासाला थांबायची, कळ येते का बघायची, परत चावायची.

कळंबहून एक मुलगी आईविषयी : आईचं वय 46. जेवायला बसली की अर्धी भाकरी होईस्तोवर ठीक, मग म्हणते जबडा थकला, हातानं हनुवटी धरून चावते. संध्याकाळी डोळ्याची पापणी पण खाली येते. सगळे म्हणतात अशक्तपणा आहे, टॉनिक चालू आहे.

टॉनिकनं हे भागणार नाही, बाळा. जबडा दुखणं वेगळं आणि थकणं वेगळं. तू लिहिलेल्या दोन गोष्टी, हनुवटीला हात आणि संध्याकाळची पापणी, ह्यावरून मायस्थेनिया ग्रॅव्हिस आहे का हे तपासायला पाहिजे. नर्व्हचा हुकूम मसलपर्यंत येतो तो शेवटच्या टप्प्यावर एका रसायनातून, असिटिलकोलीन. मसलवर ते झेलायच्या जागा असतात. ह्या आजारात शरीराचीच प्रतिकारशक्ती त्या जागांवर हल्ला करते. सुरवातीला रसायन भरपूर सुटतं म्हणून काम भागतं, वापरत गेलं की कमी पडायला लागतं, विसावा घेतला की परत भरतं. चावणं म्हणजे एकाच मसलला शेकडो वेळा लावलेलं काम, तिथं ते उघडं पडतं. ह्याला चांगले उपचार आहेत, रक्ताची तपासणी आहे, संभाजीनगरला घाटीत किंवा जवळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यूरोच्या डॉक्टरांना दाखव. तोवर जेवण सकाळी जास्त, रात्री हलकं, मध्ये थांबत. पण गिळताना ठसका लागायला लागला, आवाज नाकातून यायला लागला किंवा दम लागला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत न्या.

ह्याच्याशी गल्लत होते असं आणखी एक सांगून ठेवते. वय पन्नाशीच्या पुढं, चावलं की जबडा भरून येऊन दुखतो, थांबलं की राहतो, सोबत कानशिलावर नवीनच डोकेदुखी, केस विंचरताना डोकं दुखतं. तिथं नर्व्हचा दोष नसतो, कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असते. आपल्याकडं कमी दिसतो हा आजार, पण उशीर केला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर.

भोकरहून एक दादा : शेतात पायात गंजका खिळा गेला, आठ-दहा दिवस झाले. धनुर्वाताला आधी तोंडच का बंद होतं? आणि माझ्या भावाचं पण तोंड कमी उघडायलंय, त्याला तर काही लागलं नाही.

इंजेक्शन घेतलं नसेल तर हे वाचून झाल्यावर नाही, आत्ताच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. धनुर्वाताची लक्षणं साधारण तीन ते एकवीस दिवसांत दिसतात, म्हणजे तुम्ही अजून त्या मुदतीत आहात. गंजाचं काही नसतं, जंतू मातीत आणि शेणखतात असतात, खोल जखमेत हवा लागत नाही तिथं ते वाढतात.

पहिल्या उत्तरातला ब्रेक आठवतो का, मॅसेटरला गप्प करणाऱ्या पेशी? धनुर्वाताचं विष नर्व्हच्या आतून चढत मेंदूच्या देठापर्यंत आणि मणक्यातल्या दोरापर्यंत जातं आणि नेमका तो ब्रेक काढून टाकतं. हुकूम चालू, थांबवणारा कोणी नाही. जबड्याची नर्व्ह आखूड, पायाची लांब, त्यामुळं रक्तातून सगळीकडं पसरलेलं विष सगळ्यात आधी जबड्याच्या पेशींना गाठतं. म्हणून खिळा पायात आणि दातखीळ तोंडात. जखम खोल, मातीची असेल आणि शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांपेक्षा जुनं असेल तर परत घ्यायचं. मोठ्या माणसांनी जखम नसली तरी दर दहा वर्षांनी घ्यावं, आणि आपल्याकडं बायका गरोदरपणात घेतात, पुरुष शाळेनंतर घेतच नाहीत. खुरपं, कोयता, बाभळीचा काटा ह्यात ज्यांचा दिवस जातो त्यांनी तरी घ्या.

भावाचं मला वेगळं वाटतं. तो गुटखा किंवा सुपारी खातो का? स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का ते बघा. जात नसतील, गालाच्या आत पांढरे टणक पट्टे लागत असतील, तिखट झोंबत असेल, तर नर्व्ह ठीक आहे, मसल ठीक आहे, गालाचं अस्तरच चिवट झालंय. आपल्या मराठवाड्यात विशी-पंचविशीतली पोरं असली तोंडं घेऊन येतात, राज्यात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे तरी पुड्या मिळतातच. पुढं ह्याच्यातून कॅन्सर होऊ शकतो. आज सोडली तर उद्या तोंड मोकळं होईल असं नाही, पण सोडल्याशिवाय कुठलाच उपचार लागू पडत नाही. संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयात दाखवा.

उदगीरहून एक आजोबा : कवळी बसवून दोन महिने झाले. बसली नीट आहे, टोचत नाही. पण चावताना काय चाललंय ते कळतच नाही, घास बारीक झाला का नाही समजत नाही. येळवशीला शेतात हुरडा खायचाय.

आजोबा, कवळी चुकीची नाही. दात गेले तेव्हा त्यांच्याबरोबर ते धाग्यांचं अस्तर पण गेलं, आणि त्याच्यातली खबर आणणारी नर्व्हची टोकं पण. आता जबड्याला खबर येते ती हिरड्यांकडून, जिभेकडून, गालाकडून, मसलकडून. ती खबर जरा मोघम असते. जोरही पहिल्यासारखा लागत नाही, आणि तो लावूही नका. पण देठातला ताल तुमचा शाबूत आहे, फक्त त्याला नव्या खबऱ्यांची सवय व्हायची आहे, त्याला काही आठवडे, काही महिने लागतात. घास लहान घ्या. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं ठेवून चावा, एकाच बाजूला ठेवलं की कवळी दुसऱ्या बाजूनं उचलते. पुढच्या दातांनी तोडू नका, हातानं मोडून घ्या. आधी मऊ भाकरी दुधात, मग नुसती भाकरी, मग धपाटे.

आणि हुरडा कोवळाच घ्या, दूध भरलेला, तो जिभेनं टाळूवर दाबला तरी फुटतो. शेंगदाण्याची चटणी बारीक वाटून घ्यायला सांगा. आगटीतून आलेलं गरम कणीस दुसऱ्या कोणाकडून चोळून घ्या आणि तोंडात टाकायच्या आधी हाताच्या पाठीला लावून बघा, कवळीनं टाळू झाकलेली असते, तिथं किती भाजतंय ते वेळेवर कळत नाही.